गाऱ्हाणं

पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा पोंपों आधी देवळाच्या बाजूने ऐकू येतो, मग वळणावरच्या फणसाआड दबतो आणि एकदम आमच्या पायरीशी येऊन फुटतो. तोवर बाबू सोप्यावर हजर असतो. हातात आजोची कापडी पिशवी, अंगात उलटा गंजी. उलटा, कारण शिवण आतून टोचते. घरात आता ते सगळ्यांना मान्य आहे. फक्त पाहुणे "अरे, उलटं घातलंस" म्हणत सुलटं करायला जातात आणि मग त्यांचा चहा गार होतो. पदेर विचारतो, "कितलीं?" बाबू सांगतो, "कितलीं? सात." सात कांकणं, म्हणजे बांगडीच्या आकाराचे कडक पाव. ती सोप्यावर एका रेषेत मांडली जातात. चेपलेलं असेल ते आजोच्या वाट्याला. एक बाबूच्या मनगटात चढतं आणि तिथल्या तिथे कुर्रम कुर्रम करत संपतं. पदेराकडचे बाकीचे पाव, उंडो नको, पोळी नको. मऊ काहीच नको.

बाबू आठ वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे. बाय चार वर्षांची, तिला नाही. ही त्यांची कागदावरची नावं नव्हेत, पण गोव्यात दर दुसऱ्या घरात एक बाबू आणि एक बाय असतेच, तेव्हा अगदीच खोटीही नव्हेत. आम्ही चोडणला राहतो. मांडवीतलं बेट. बाहेरची माणसं इथे सलीम अली अभयारण्यातले पक्षी बघायला येतात. आम्ही मात्र रोज सकाळी रायबंदरची फेरी पकडून उलट्या दिशेने जातो. माझी नोकरी पणजीत, बाबूची शाळा तिकडेच, आठवड्यातून दोनदा थेरपीही तिकडेच.

माझं माहेर सावंतवाडीकडचं. तिथे देवासमोर गाऱ्हाणं घालतात, ते वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. माझे बाबा गावात त्यातले वाकबगार. देवळात उभे राहिले की बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवाला हाक मारून सगळं क्रमवार सांगायचे. कोण आलंय, कुठून आलंय, कशासाठी आलंय, आता काय करणार आहे, चुकलं-माकलं तर पदरात घे. प्रत्येक वाक्यामागे लोकांचं एकमुखी "व्हय म्हाराजा!" बाबू पाच वर्षांचा असताना एकदा तिथे होता. देवळात तो एरवी एका जागी टिकत नसे, घंटेखाली कान झाकून बसायचा. त्या दिवशी बाबांच्या समोर जमिनीवर बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही. दुसऱ्या "व्हय म्हाराजा"पासून तो ताल धरून डोलत होता. तिसऱ्या-चौथ्याला, लोक म्हणायच्या अर्धा क्षण आधी, त्याने तोंड उघडलं.

तेव्हा तो मोजून पंधराएक शब्द बोलत असे.

त्याआधी थेरपिस्टबाईंनी आम्हाला 'आधी आणि मग' शिकवलं होतं. आधी आंघोळ, मग झोपाळा. चित्रांची कार्डं करायची, पट्टीवर क्रमाने चिकटवायची, एकेक झालं की काढायचं. मी रात्र रात्र बसून कार्डं लॅमिनेट केली, मागे वेल्क्रो लावलं. बाबूला ती फार आवडली. वेल्क्रो सोडवताना येणारा खर्र आवाज त्याला आवडला. दिवसभर तो कार्डं काढायचा आणि लावायचा. आंघोळ झोपाळ्यानंतर आणि शाळा झोपेनंतर. (पुढे तो कार्डंही वापरायला लागला, फ्रिजवर आजही आहेत. थेरपिस्टबाई चूक नव्हत्या. आमची घाई होती.) पण माहेरून परतल्यावर एका सकाळी, अंगावर पाणी घ्यायला तो तयार नसताना, माझ्या तोंडून निघून गेलं:

"बा बाबू म्हाराजा!"

तो थांबला.

"आज मंगळवार आसा, म्हाराजा. आत्ता आंघोळ होतली. पाणी कोमट आसा, गरम नाय. डोक्यावरसून पाणी घालूचा नाय. मगे फेरी. मगे शाळा. शाळेतसून थेरपी, थंय बाई नवीन आसा, तिका चष्मो आसा..."

तेव्हापासून रोज सकाळी आमच्याकडे गाऱ्हाणं होतं. ते देवाला नसून मुलाला असतं, एवढाच फरक. सासूबाईंना सुरुवातीला ही थट्टा वाटली, देवाची. मग त्यांनी एकदा ऐकलं आणि स्वतःच अंगणातून "व्हय" म्हणाल्या. बाय बोलायला लागली तशी ती 'व्हय म्हाराजा'ची मुख्य गायिका झाली. ती फार जोरात म्हणते. शेजाऱ्यांना आमचा दिवसभराचा कार्यक्रम साडेसातपर्यंत कळलेला असतो.

गाऱ्हाण्याचा एकच नियम आहे आणि तो मी एकदा मोडला. रक्ततपासणीला न्यायचं होतं. मी म्हटलं, "इंजेक्शन नाय, म्हाराजा." शब्दाला धरून बघितलं तर खरंच होतं ते, टोचून काही आत घालायचं नव्हतं, काढायचंच होतं. दंडाला रबर बांधलं गेलं तेव्हा बाबूने माझ्याकडे बघितलं. तो सहसा डोळ्यांत बघत नाही, कानाच्या बाजूला कुठेतरी बघतो. त्या दिवशी सरळ बघितलं. पुढचे तीन आठवडे मी "बा बाबू" म्हटलं की तो उठून विहिरीकडे जायचा.

त्यापेक्षा अवघड गोष्ट, मला जे ठाऊकच नाही ते कसं सांगायचं? पावसाळ्यात चोडणला वीज जाते. कधी जाईल, कधी येईल याचं गाऱ्हाणं कोण घालणार? 'कदाचित' हा शब्द बाबूपुढे चालतच नाही. कदाचित पाऊस येईल म्हटलं की तो दारात पावसाची वाट बघत बसायचा आणि आला नाही तर रडायचा. यावर तोडगा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मुलांच्या आजोने काढला, तोही तोडगा काढतोय हे कळल्याशिवाय. वीज गेली की बाबू विचारायचा, "लायट केन्ना येतली?" आणि आजो सुपारी कातरत म्हणायचे, "खबर ना." दर वेळी तेच, त्याच सुरात. अडकित्त्याचा कट, मग "खबर ना". वर्षभरात बाबूने ते स्वीकारलं. आता वीज गेली की तो स्वतःच काळोखात विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो, "लायट केन्ना येतली? खबर ना." आणि झोपतो.

बाबूच्या बोलण्याविषयी थोडं सांगायला हवं. तो वाक्य बांधत नाही, ऐकलेली वाक्यं जपून ठेवतो आणि लागतील तशी काढतो. त्याला पाणी हवं असलं की "तुला पाणी हवंय?" म्हणतो, कारण पाणी मिळतं त्या वेळी हे वाक्य ऐकू येतं. लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली ऑटिझमवरचा पहिला मोठा लेख लिहिला. त्यातल्या 11 मुलांच्या वर्णनात 'मी'च्या जागी 'तू' म्हणण्याची ही लकब नोंदवलेली आहे. वाचून मला बरं वाटलं होतं, एखाद्या दूरच्या नातेवाइकाच्या लग्नाच्या फोटोत आपल्या मुलाचं नाक दिसावं तसं. बाबूचं सर्वांत लाडकं वाक्य बसच्या कंडक्टरचं आहे: "फुडें वच, फुडें वच!" म्हणजे पुढे सरक. टीव्हीसमोरून हल, फुडें वच. हा डॉक्टर आवडला नाही, फुडें वच. लग्नाच्या मांडवात कंटाळा आला, फुडें वच. नवऱ्याची एक आत्या पाऊण तास आजारपणं सांगत बसली होती तेव्हा बाबू तिच्यासमोर जाऊन हे म्हणाला आणि घरातल्या कुणीही त्याला रागावलं नाही.

सुरुवातीला आम्हाला सांगण्यात आलं होतं की मुलाशी एकच भाषा बोला, नाहीतर तो गोंधळेल. गोव्यात! नवरा कोकणी, मी मालवणी, गोष्टींची पुस्तकं आणि आरत्या मराठीत, थेरपी इंग्रजीत, बायचं कार्टून हिंदीत. आम्ही ठरवलं, मराठीच. बारा दिवस टिकलं. आजो ते बारा दिवस जवळजवळ मुके होते. नातवाशी बोलायचं तर मनातल्या मनात भाषांतर करायचं, आणि तेवढ्यात नातू उठून गेलेला. पुढे दुसऱ्या थेरपिस्टने सांगितलं की ज्याला जी येते ती बोलू द्या. दोन-तीन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. बाबूने आपली वाटणी केव्हाच करून टाकली होती. आकडे इंग्रजीत, भूक कोकणीत, आरती मराठीत. आणि राग मालवणीत, त्याचं श्रेय माझं.

मराठीत या सगळ्याला 'स्वमग्नता' म्हणतात. ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्वतः', त्यावरून ऑटिझम, त्याचं हे भाषांतर. शब्द चांगला घडवलाय, पण तो बाबूला लावताना माझी जीभ अडखळते. स्वतःत मग्न? ज्या मुलाला ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येते, फेरीच्या इंजिनाचा सूर बदललेला आमच्याआधी कळतो, माझ्या शांपूचा वास बदलला म्हणून जो जवळ येत नाही, तो स्वतःत कुठला मग्न? त्याला बाहेरचं जग जरा जास्तच लागतं. मग्न असलेच तर देवळातल्या त्या बाई, ज्यांनी प्रसादाच्या रांगेत मला सांगितलं, "तू नोकरी करतेस ना, आई जवळ नसली की मुलं अशी होतात." हा आरोप माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून फिरतोय. आईची माया थंड म्हणून मूल असं झालं, हे एके काळी अमेरिकेतले मोठमोठे तज्ज्ञ छापून सांगत. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून ते खोडून काढलं. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. रांगेत मला हे सगळं आठवलं, पण हातात पंचखाद्याचा द्रोण होता आणि बाय चप्पल शोधत होती.

कागदपत्रांचं फार लिहीत नाही. मुलगा सव्वीस महिन्यांचा होऊन बोट दाखवत नाही, हवी ती वस्तू दिसली की माझं मनगट धरून तिकडे नेतो, हे मी सांगितल्यावर "मुलगे उशिरा बोलतात" म्हणून आमचं एक वर्ष घालवणारे डॉक्टर होते. नंतर ऑटिझम मोजणारी 40 मुद्द्यांची आयसा चाचणी झाली, दाखला झाला. 2016 च्या कायद्यातल्या 21 अपंगत्वांत ऑटिझम आहे, हे मला ज्या खिडकीवर समजावून सांगावं लागलं, तिथल्या गृहस्थांनी बाबूकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, "पण दिसत तर नाही." बाबू म्हणाला, "फुडें वच."

आवाजाचं मात्र लिहायला हवं. गोव्यात लहान मूल वाढवायचं म्हणजे आवाजात वाढवायचं. चवथीला फटाके, शिगम्याला ढोल-ताशे, आणि दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे. गंमत म्हणजे बाबूला घुमट, ते कातडं ताणलेलं मातीचं मडकं, चालतं. 2019 मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. आमच्याकडे ते त्याआधीपासून उतरंडीवर मानानेच बसलेलं. आरतीला आजो वाजवायला बसले की बाबू त्या मडक्याच्या पोटाला गाल लावून बसतो. कान झाकत नाही. तो आवाज त्याला बहुधा गालातून ऐकू येत असावा. पण स्पीकर नाही. गेल्या दिवाळीला वाड्यावरची पोरं स्वतः घरी आली. संध्याकाळीच बाबूला नरकासुराजवळ नेलं, त्याची कागदाची नखं हाताळायला दिली, स्पीकर दाखवला, पहाटे पाच वाजता जाळणार म्हणून सांगितलं. पोरांनी रीतसर गाऱ्हाणं घातलं म्हणायचं. मला भरून आलं. आणि तरीही रात्री अकराला पहिला ठोका पडल्यावर बाबूने कपाळ भिंतीवर आपटायला सुरुवात केली. सगळं सांगितलेलं असूनही. आम्ही दोघं पहाटेपर्यंत न्हाणीघरात बसलो, कारण ती घराची सगळ्यात आतली खोली. नळ सोडून ठेवला होता. बादली भरली की मी ती ओतायचे आणि पुन्हा भरायला लावायचे. त्या आवाजावर तो तासभर झोपला, माझ्या ओल्या मांडीवर. पाचला जळायचा तो नरकासुर साडेसहाला जळला.

आता बायची गोष्ट. खरं तर याच गोष्टीसाठी लिहायला बसले.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो असतो. हा देव मूळचा आमच्या चोडणचा. पोर्तुगीज काळात लोकांनी त्याला इथून हलवलं, मग मये, मग माशेल. त्यामुळे चोडणकरांना तिथे जरा माहेरचा हक्क वाटतो. रात्रभर भजन, आणि मग अंगाला तेल फासलेले बापे आणि पोरं पावसात भिजलेल्या मैदानात लोळतात, खेळ खेळतात, एकमेकांना ओढतात. बाबूला न्यायचं की नाही यावर आमच्यात आठवडाभर वाद. शिताचा एक कण बोटाला चिकटला तर हात धुवायला पळणारा हा मुलगा. मी तीन दिवस गाऱ्हाणं घातलं. चिखल असतलो. थंड असतलो. लोक ओरडतले. घरी जावया म्हणालंस की लगेच जावया. कानावर मफ, पिशवीत कोरडे कपडे, सात कांकणं.

तो मैदानाच्या कडेला दहा मिनिटं उभा राहिला. मग मफ काढून माझ्या हातात दिला, खाली बसला, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात घातले आणि आडवा झाला. पाठीवर. तोंडावर पाऊस. मी रडत होते, नवरा फोनवर व्हिडिओ काढत होता, आणि आम्ही दोघंही बाबूकडे बघत होतो.

मागून किंकाळी आली. चिखलाने माखलेले, तोंडं ओळखू न येणारे चार-पाच बापे धावत गेले होते, एकाचा हात बायला लागला होता. ती थरथरत होती. चड्डी ओली झालेली. मला ती तशी कधी दिसलीच नव्हती. मी तिला उचललं आणि म्हणाले, आता लिहिताना लाज वाटते, "अगो, कित्याक रडतंस? बाबू बघ कसो खेळता!"

परतताना गाडीत ती बोलली नाही. चोडणच्या पुलावर आल्यावर म्हणाली, "मला कुणी गाऱ्हाणं घातलं नाही."

मी म्हटलं, "अगो, तीन दिवस तूच तर 'व्हय म्हाराजा' म्हणत होतीस."

"ते बाबूचं होतं."

नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मागे बाबू वाळत चाललेला चिखल नखाने सोलत होता, अगदी वेल्क्रोसारखा. बरोबर होतं तिचं. तिला न सांगता समजतं, म्हणून आम्ही तिला सांगणंच सोडून दिलं होतं. मावशीकडे राहायला पाठवलं ते सकाळी उठल्यावर सांगितलं. तिचं दूध बंद केलं, खोली बदलली, केस कापले, सगळं नुसतं होऊन गेलं होतं. शहाणी बाय. कित्ती समजूतदार. येणारा जाणारा म्हणायचा आणि आम्ही हसून मान डोलवायचो.

त्या रात्री दिवे गेल्यावर तिच्या कानात पहिलं गाऱ्हाणं घातलं. काय सांगायचं तेच सुचेना. उद्या रविवार आसा, म्हाराजा. उद्या काय एक करूचा नाय. ती झोपेतच "व्हय" म्हणाली.

त्यालाही वर्ष होत आलं. मध्यंतरी आमच्या मार्गावर नव्या रो-रो फेरी आल्या. मोठ्या, झटकन पोचवणाऱ्या. बेटावर आनंद झाला. बाबूला मात्र ती फेरी वाटेचना. इंजिनाचा आवाज वेगळा, उभं राहायची नेहमीची जागा नाही. पहिले काही दिवस आम्ही धक्क्यावरूनच परत आलो, नंतर तो मफ लावून चढला, मग त्याने कठड्याजवळ आपली नवी जागा शोधली. आता तिथे कुणी उभं असेल तर आम्ही पुढच्या फेरीची वाट बघतो. ऑफिसात माझ्या उशिराची कारणं आता कुणी विचारत नाही.

परवा बायच्या बालवाडीचा पहिला दिवस. सकाळ नेहमीपेक्षा वाईट. पदेराकडे पाचच कांकणं उरली होती, त्या दोन न आलेल्या कांकणांच्या जागा सोप्यावर रिकाम्या ठेवून बाबूने रेषा पुरी केली आणि मग ती रेषा मोडायला तयार होईना. फेरी सुटता सुटता चढलो. आभाळ भरून आलेलं, पाणी गढूळ. बायने माझी ओढणी धरली होती. बोटं पांढरी पडलेली. तेव्हा लक्षात आलं की आज गाऱ्हाणं राहिलं. सगळी सकाळ कांकणांत गेली.

मी तिथेच खाली बसले. "बा बाय म्हाराजा," म्हटलं, "आज तुझी शाळा आसा. बाई असतली. मुलां रडतली. तू पण रडशीत, रडलंस तर चलता. मी दारात थांबूचंय नाय, साडेअकराक येतलंय..."

"व्हय म्हाराजा!"

बाबू. कठड्यापाशी, आमच्याकडे पाठ करून, पाण्याकडे बघत. अख्ख्या फेरीला ऐकू जाईल एवढ्याने. दोन-चार स्कूटरवाल्यांनी वळून बघितलं. बाय हसली नाही, पण ओढणी थोडी सैल झाली. मी पुढे सांगत गेले, डबा, शी लागली तर कुणाला सांगायचं, चप्पल कुठे काढायची. तो बरोबर वाक्यांच्या शेवटी म्हणत होता असं नाही, कधी मध्येच, कधी दोनदा. मग रायबंदरचा धक्का आला. फळका खाली आपटला. बाबूने दोन्ही तळहात कानांवर दाबले आणि समोरच्या स्कूटरला म्हणाला, "फुडें वच, फुडें वच."

आम्ही उतरलो. बायची नवी पाण्याची बाटली फेरीवरच राहिली, ते शाळेच्या फाटकात पोचल्यावर कळलं.